वही कोणाच्या हातात?

प्रारंभीच एक कबुली देऊन टाकते. इयत्ता आठवीपासून बारावीपर्यंत आमच्या गावातील एका महिला बचत गटाची वही मी लिहीत असे. गटात बारा बायका, त्यांत माझी आई एक. दर सोमवारी, शेतातून परतल्यावर आणि चूल पेटण्याआधी, समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक भरायची. प्रत्येकीने पंचवीस रुपये पुढे ठेवायचे, मी ते मोजायचे आणि रोकडवहीत मांडायचे. कोणी कर्ज मागितले तर तेही मीच लिहायचे आणि बायकांनी खाली सही किंवा अंगठा करायचा. 'पोरगी शिकली, गटाला लेखनिक मिळाली' असे सगळ्याजणी म्हणत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा ते कौतुक मला किती गोड लागत असेल, हे ज्यांच्या घरी माझ्यासारखीच स्थिती आहे त्या मित्रमैत्रिणींना सांगावयास नको.

पाच वर्षे मी ही वही लिहिली. आज मला असे वाटू लागले आहे की त्या पाच वर्षांत मी गटाचे जेवढे काम केले, त्याहून अधिक नुकसान केले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

बचत गट ही गोष्ट आता कोणालाच नवी राहिलेली नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपले 'माविम', २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स्थापन झाले. नाबार्डने १९९२ साली देशात पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. २०११ पासून महाराष्ट्रात 'उमेद' अभियान आले आणि मग गावोगावी गट, गटांचे ग्रामसंघ, ग्रामसंघांचे प्रभागसंघ अशी उतरंड उभी राहिली. मंत्र्यांच्या भाषणात बचत गट असतो, जत्रेच्या कमानीवर असतो आणि आमच्या अर्थशास्त्राच्या पेपरात तो दहा गुणांना असतो. परंतु गटाच्या आत नेमके काय चालते, हे त्या दहा गुणांच्या उत्तरात सहसा येत नाही.

आत चालते ते असे. बारा बायकांचे आठवड्याला तीनशे रुपये जमतात, म्हणजे वर्षाला पंधरा हजार सहाशे. एवढ्या पैशाने गावात कोणतीही क्रांती होत नाही. पण रात्री अकरा वाजता लेकराला ताप चढला, तर दुसऱ्या दिवशी सावकाराच्या ओसरीवर जाऊन उभे राहावे लागत नाही. गटातून कर्ज मिळते, व्याज शेकडा दोन रुपये महिना. शहरातल्या माणसाला हा दर जबर वाटेल. वर्षाचे चोवीस टक्के होतात, हे खरेच आहे. पण ते व्याज गटाच्याच पेटीत पडते आणि त्यात कर्ज घेणारीचाही वाटा असतो. पुढे गट नीट चालला म्हणजे सरकारचा फिरता निधी येतो, बँक कर्ज देते, आणि तीन लाखांपर्यंतच्या बँक-कर्जाला सरकारी अनुदानामुळे सात टक्के व्याज पडते. सावकारी पाहिलेल्या बाईला हा फरक समजावून सांगण्यासाठी प्राध्यापक लागत नाही.

आता येथेच माझी पहिली तक्रार आहे. बँकेचे कर्ज मागताना प्रत्येक सभासदाच्या नावापुढे कारण लिहावे लागते, आणि ते कारण 'उत्पादक' असावे लागते. अर्थशास्त्राच्या पुस्तकातही उत्पादक कर्ज आणि अनुत्पादक कर्ज असे दोन कप्पे आहेत. आईने माझ्या प्रवेशशुल्कासाठी, वसतिगृहासाठी आणि पुस्तकांसाठी मिळून बारा हजार रुपये मागितले, तेव्हा मी वहीत तिच्या नावापुढे कारण लिहिले – शेळीपालन. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या वहीप्रमाणे पाहू गेल्यास मी या महाविद्यालयात शिकत असलेली एक शेळी आहे, आणि माझे चोवीस हप्ते आहेत.

विनोद सोडून द्या. शिक्षण, औषधोपचार, पेरणीचे बियाणे यांसाठी गटाचे कर्ज वापरले म्हणजे पैशाचा दुरुपयोग झाला, असे मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. कारण खोटे लिहावे लागले की पुढचा सारा हिशेबच खोट्या पायावर उभा राहतो. कागदावर गावात चाळीस शेळ्या होतात, आणि मग वरून येणारे साहेब शेळीपालनाचे प्रशिक्षण मंजूर करतात.

प्रशिक्षणाची गोष्ट आता सांगितली पाहिजे, कारण उद्योगाचे सारे घोडे तेथेच अडते. प्रशिक्षणाच्या मी विरुद्ध नाही. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. कर्नाटकातील धर्मस्थळाजवळच्या उजिरे येथे १९८२ साली पहिला प्रयोग झाला, त्या नमुन्यावर त्या उभ्या राहिल्या. तेथे राहण्याजेवणासह विनामूल्य शिकवतात. आपल्या परभणीत तर १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्याच आवारात अन्नतंत्र महाविद्यालय आहे, सामुदायिक विज्ञानाचे महाविद्यालय आहे. लोह आणि जस्त अधिक असलेले ज्वारीचे 'परभणी शक्ती' हे वाण याच विद्यापीठाने २०१८ साली दिले. सरस्वती आपल्या दारात बसलेली आहे. पण आमच्या गटापर्यंत जे प्रशिक्षण पोहोचले ते काय होते? मसाला, लोणचे आणि पापड. तीन दिवस, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि सामूहिक छायाचित्र.

आमच्या बायकांना येसर करायला शिकवले गेले! धान्य आणि डाळी भाजून, धणे-मिरची घालून येसर करणे हे मराठवाड्यातील बाईला शिकवणे म्हणजे मासोळीला पोहायला शिकवणे होय. गावात घरोघरी येसर होतो. मग तो विकत कोण घेणार? हा प्रश्न तीन दिवसांत कोणी विचारला नाही, आणि वही लिहिणाऱ्या मीही विचारला नाही.

त्यानंतर एका प्रदर्शनात दालन मिळाले. वीस किलो येसर केला. सामान किलोला एकशे वीस रुपये, म्हणजे चोवीसशे. डंकावरून कुटून आणायला किलोमागे पंधरा, म्हणजे तीनशे. पिशव्या आणि छापील चिठ्ठ्या तीनशे. दोघीजणी तीन दिवस एसटीने जाऊन-येऊन होत्या. अर्धे तिकीट होते म्हणून बरे, तरी तीनशे साठ गेले. चहापाणी-जेवण दोनशे चाळीस. एकूण खर्च छत्तीसशे रुपये. दोनशे रुपये किलोने बारा किलो विकला गेला आणि चोवीसशे रुपये हाती आले. उरलेला आठ किलो बाराजणींनी घरी नेला. तीन दिवसांची दोघींची मजुरी बुडाली ती निराळीच.

आणि मी वहीत काय लिहिले? 'प्रदर्शनातील उत्पन्न रु. २४००.' हाच आकडा वर गेला आणि कुठल्यातरी अहवालात यशाच्या रकान्यात जाऊन बसला असेल. विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे आणि उत्पन्न म्हणजे नफा नव्हे, हे मला पुढे महाविद्यालयात आल्यावर पहिल्या वर्षाच्या तासाला उमगले. खरे सांगायचे तर त्या दोघींना ते प्रदर्शनाहून परतताना एसटीतच उमगले होते. त्या पुन्हा प्रदर्शनाला गेल्या नाहीत. मला वाटले, आपल्या बायकांना धंद्याची हौस नाही.

पापडाचे नाव निघाले की वक्ते लगेच लिज्जतचे उदाहरण देतात. उदाहरण चांगलेच आहे, पण ते अर्धवट सांगितले जाते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, एवढे सगळ्यांना पाठ असते. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पा पारेख यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला होता. एक, स्वस्त आणि महाग असे दोन दर्जे न करता एकच चांगला पापड करायचा. दुसरी, हा दानधर्म नसून धंदा आहे, तेव्हा हिशेब चोख ठेवायचा. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांत लाटण्याची छायाचित्रे आली. हिशेबवहीचे छायाचित्र कोण कशाला छापील?

लिज्जतच्या पाठीशी मुंबईची बाजारपेठ होती, हेही विसरून चालणार नाही. गिरणगावात प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. त्यांच्या खानावळवाल्या बायकांकडेही गिऱ्हाईक आधीच होते. गिरणी कामगार रोज दोन वेळ जेवत होते. अडत होते ते सावकाराच्या व्याजापायी, आणि बँकेच्या कर्जाने तेवढीच गाठ सुटली. आमच्याकडे उलटे चालते. आधी कर्ज, मग प्रशिक्षण, मग माल, आणि सर्वांत शेवटी गिऱ्हाईक कुठे सापडते का ते पाहायचे.

आमच्याच गटातील एका काकूंनी हे सारे बाजूला ठेवले. त्यांनी कसलेच प्रशिक्षण घेतले नाही. उन्हाळ्यात गावातील बायका शेवयांसाठी पिठाचे डबे घेऊन तालुक्याच्या गावी जातात आणि दिवस मोडतात, हे त्यांनी पाहिले होते. गटाचे कर्ज काढून त्यांनी शेवयांचे यंत्र आणले. पीठ लोकांचे, काकूंची फक्त करणावळ. माल पडून राहण्याची भीती नाही, प्रदर्शन नाही, छापील चिठ्ठी नाही. दोन उन्हाळ्यांत यंत्राचे पैसे फिटले. मी काकूंना विचारले, "हे तुम्हाला कसं सुचलं?" त्या म्हणाल्या, "सुचायचं काय त्यात? मीच धा वर्सं डबा घेऊन जायले ना." गटाची बैठक भरते तेव्हा सर्वांत मागे, भिंतीला टेकून बसणारी ही बाई. त्यांच्या डोक्यातला हिशेब आमच्या वहीत कधी आला नाही, कारण वही माझ्या हातात होती.

हिशेब कळणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण देते. दहा हजारांचे कर्ज, दरमहा शेकडा दोन, फेड दहा महिन्यांत. गटात दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फिटते आणि व्याज उरलेल्या रकमेवर लागते. पहिल्या महिन्यात दोनशे, मग एकशे ऐंशी, मग एकशे साठ, असे उतरत शेवटच्या महिन्यात वीस. एकूण व्याज अकराशे. हेच कर्ज कोणी 'सरळ' व्याजाने दिले, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पूर्ण दहा हजारांवर धरले, तर व्याज होते दोन हजार. दर ऐकायला तोच, शेकडा दोन. पण दुसऱ्या प्रकारात खरा दर महिन्याला सुमारे साडेतीन टक्के पडतो. नऊशे रुपयांचा हा फरक म्हणजे आमच्याकडे बाईची तीन दिवसांची मजुरी.

हे सांगायचे कारण असे की, आमच्या गावात गुरुवारी आणखी एक गोल भरतो. तेथेही बायकाच बसतात. त्यांतल्या पुष्कळशा सोमवारच्याच असतात. मोटारसायकलवर एक मुलगा बॅग घेऊन येतो, हप्ते गोळा करतो आणि जातो. त्यालाही लोक 'गट' म्हणतात. माझ्या मते या एका शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. सोमवारच्या गोलात बायकांचा पैसा बायकांतच फिरतो आणि एखादीचा हप्ता चुकला तर का चुकला हे ओट्यावर बसलेल्या साऱ्यांना ठाऊक असते. गुरुवारच्या गोलातला पैसा बाहेरून येतो, व्याज बाहेर जाते, दर वर्षाला वीस टक्क्यांच्या वरच असतो, आणि एकीचा हप्ता चुकला की उरलेल्यांनी तो भरल्याशिवाय कोणालाही उठता येत नाही. एकीकडे शेजारधर्माने जामीनकी निभावली जाते, दुसरीकडे त्याच शेजारधर्माचा वसुलीसाठी वापर होतो. आमच्या शेजारच्या एका मावशींना तीन ठिकाणचे असे हप्ते आहेत. एकाचे भरण्यासाठी दुसऱ्याचे काढलेले.

छोट्या कर्जाचे हे तंत्र मुळात वाईट नाही. बांगलादेशात मुहम्मद युनूस आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला त्यासाठी २००६ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण चारच वर्षांनी आपल्या शेजारच्या आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचाने माणसे जीव देऊ लागली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत. कर्जाचा खरा वार्षिक दर आणि सारे आकार एका कागदावर, कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून द्यावेत. नियम उत्तम आहे. मावशींनी तो कागद तांदळाच्या डब्यात जपून ठेवला आहे. त्यांना वाचता येत नाही.

आता सातारा जिल्ह्यातील म्हसवडकडे वळू. माण तालुका आपल्या जिंतूरच्या माळासारखाच, पाऊस थोडा आणि दगड फार. तेथे चेतना सिन्हा आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्या बँक कशी चालवणार, असा तो प्रश्न होता. बायका रडत बसल्या नाहीत. लिहायला शिकल्या, आणि पुन्हा अर्ज करताना स्वतः रिझर्व्ह बँकेत गेल्या. कोणतीही रक्कम सांगा, आम्ही यंत्राशिवाय व्याज काढून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही तसेच काढायला सांगा, असे त्यांनी सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे त्यांनी बसमधून फिरती व्यवसायशाळाही चालवली.

ही हकीकत आमच्या महाविद्यालयातील एका व्याख्यानात मी प्रथम ऐकली, तेव्हा टाळ्या वाजवल्या. वसतिगृहात परत आल्यावर मात्र अस्वस्थ झाले. त्या बायकांना आकडेमोड आधीच येत होती, अक्षर तेवढे येत नव्हते. मग आमच्या बाराजणींना काय काय येत असेल, हे मी पाच वर्षांत एकदाही विचारले का? 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी आपल्या गावाची थट्टा करतात आणि आपल्याला राग येतो. पण मी माझ्या आईविषयी मनात याहून वेगळे काय धरले होते?

पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा वहीची चार महिन्यांची पाने कोरी होती. मी परभणीला आल्यापासून कोणी त्यात काही लिहिलेच नव्हते. माझ्या पोटात गोळा आला. गट मोडला असेच मी समजून चालले. पण बैठका चालू होत्या, बचत चालू होती, कर्जेही दिली-घेतली जात होती. पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे, हा रिवाजही पाळला जात होता.

दोन संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो. एकेक बाई तोंडी सांगत गेली, मी लिहीत गेले. कोणी सणवार धरून सांगे. पोळ्याला दिले, महालक्ष्म्यांच्या आधी परत केले, घटस्थापनेला पुन्हा घेतले. एका आजींनी चिंचोक्यांचा डबा आणला. एका आठवड्याला एक चिंचोका, आणि हप्ता दिला की एक कवडी. चार महिन्यांचा, बाराजणींचा हिशेब उभा राहिला. पेटीतील रोकड आणि बँकेचे पासबुक यांच्याशी ताडून पाहिला, तर दहा रुपयांचा फरक आला.

आणि मग त्या आजी चाचरत म्हणाल्या, "मागचं बी बघ की जरा." मागचे म्हणजे माझे. मी दहावीत असताना एका बाईने भरलेले पाचशे रुपये तिच्या जावेच्या खात्यावर मांडले होते. दोघींचे आडनाव एकच, माझी गफलत झाली होती. त्या दोघी जावांना हे तेव्हापासून ठाऊक होते. त्यांनी घरच्या घरी, धान्य इकडचे तिकडे करून ते मिटवले होते. मला कोणी बोलले नाही.

"मग सांगितलं का नाही?" मी विचारले.

"तू शिकलेली, लेकरा. तुझं कसं चुकंल म्हनून आमी गप बसलो."

या वाक्यावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. अंगठाबहाद्दर म्हणून ज्यांना आपण हिणवतो त्यांना चूक दिसत होती, आणि चूक दिसूनही बोलण्याची त्यांची हिंमत माझ्या सुवाच्य अक्षराने खाल्ली होती. शिक्षणाचा हा उपयोग होत असेल तर त्याचा अभिमान कसला धरायचा?

माझे म्हणणे म्हणूनच असे आहे की, बायकांच्या उद्योगाला पाठबळ द्यायचे असेल तर पहिले प्रशिक्षण वहीचे असावे, पापडाचे नंतर. आणि वही गटातल्याच बायकांनी लिहावी. शंभर रुपयांच्या वस्तूवर आपले कष्ट, दळण, एसटी, सारे धरून खर्च किती आला, हे जिला मांडता येते ती बाई कोणता धंदा करायचा हे स्वतः ठरवील. तिला येसर शिकवायला कोणी यावे लागणार नाही. गिऱ्हाईक कुठे आहे तेही ती शोधील. काकूंनी शोधलेच.

यावर आक्षेप येतील, ते मला दिसत आहेत. पहिला असा की, दिवसभर सोयाबीन काढून आलेल्या बाईने संध्याकाळी अंक गिरवावेत ही अपेक्षा अमानुष आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. बाराजणींना येण्याची गरजही नाही. तिघींना आले तरी पुरे, बाकीच्यांना तोंडी ताळा करता येतो. दुसरा आक्षेप आमच्या मित्रांचा. आता गटांच्या नोंदी 'लोकोस' या मोबाईल प्रणालीत होतात, वहीचे युग संपले, असे ते म्हणतात. नोंद मोबाईलमध्ये जरूर व्हावी. पण मोबाईल समुदाय संसाधन व्यक्तीच्या हातात असतो. पूर्वी वही निदान ओट्यावर तरी असे, आता हिशेब आणखी दूर गेला. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आठवड्याच्या पंचवीस रुपयांतून शेवयांचे यंत्र येत नाही, भांडवल बाहेरूनच यावे लागते. खरे आहे. बँकेने कर्ज द्यावे, मोठे द्यावे, वेळेवर द्यावे. दरवाजात चार चकरा मारायला लावून पाचव्या चकरेला 'साहेब रजेवर आहेत' असे सांगू नये. परंतु आलेले भांडवल कोणत्या भावाने आले हे कळण्यासाठी पुन्हा वहीच लागते.

गुरुजनांना येथे एक विनंती करते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आपण दरवर्षी एखाद्या दत्तक गावात घेतो. रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, रात्री पथनाट्य करतो आणि गावकऱ्यांना बचतीचे महत्त्व सांगतो. बचतीचे महत्त्व, तेही त्या बायकांना! पुढच्या शिबिरात एक संध्याकाळ वक्तृत्वाला सुट्टी देऊन त्या गावच्या गटाबरोबर ओट्यावर बसावे. अर्थशास्त्र आणि वाणिज्यच्या मुलामुलींनी सरळ आणि घटते व्याज चिंचोक्यांनी मांडून दाखवावे. कंपनीचा कागद मोठ्याने वाचून दाखवावा. आणि वहीला हात लावू नये. ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे, अनुभवाने सांगते. समोरची बाई एक आकडा काढायला पाच मिनिटे घेते तेव्हा आपली बोटे शिवशिवतात.

त्या दिवाळीत मी एवढेच केले की प्रत्येकीच्या खात्याच्या पानावर एक चित्र काढून दिले. कोणाला विळा, कोणाला घागर, कोणाला बैलजोडी, दोघी जावांना मुद्दाम निरनिराळी. आता तिघीजणी आळीपाळीने लिहितात. त्यांत शेवयांच्या काकू आहेत, धाकटी जाऊ आहे आणि माझी आई आहे. चुका होतात. सहा आणि नऊ उलटसुलट पडतात, एकदा तर पूर्ण आठवडाच दोनदा मांडला गेला. पण चूक झाली की आता ओट्यावर भांडण होते, आणि ते भांडण मला फोनवरून ऐकायला फार आवडते.

मागच्या सोमवारी आईचा फोन आला. जुनी पाने वाचता वाचता ती स्वतःच्या नावापर्यंत आली होती. "हे शेळीपालन खोडू का? तुझी फी लिहिते खरी-खरी," ती म्हणाली. मी तिला तूर्त थांब म्हटले. अजून पाच हप्ते बाकी आहेत.